वाद्य ठरले, रीड ठरेना

क्लॅरिनेटवादकाचे समाधान तीन वस्तूंत विभागलेले असते: लाकडी नळी, तिच्या वरच्या टोकाला बसणारा माउथपीस आणि त्यावर बांधलेली गवताची पत्ती, म्हणजे रीड. तिन्हींचा इतिहास एकाच चालीने गेलेला नाही. नळीचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बरेचसे पक्के झाले. माउथपीसला त्यानंतर आणखी शंभर वर्षे लागली. रीड मात्र आजही शेतातल्या पिकासारखीच आहे, कधी साधते, कधी नाही. वादकांची कुरकूरही याच क्रमाने वाढत गेलेली दिसते.

न्यूरेंबर्गचा वाद्यकार योहान क्रिस्टोफ डेनर याने १७०० च्या सुमारास शालुमो या साध्या वाद्यात सुधारणा करून क्लॅरिनेट घडवले. त्याला दोनच चाव्या होत्या. अठरावे शतक संपेपर्यंत त्या पाच-सहा झाल्या. मोट्झार्टने १७९१ मध्ये ज्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला, त्या अँटोन श्टाडलरचे तेवढ्यावर भागत नव्हते. खर्जात आणखी चार अर्धस्वर मिळावेत म्हणून त्याने व्हिएन्नात लांब नळीचे वाद्य करवून घेतले. मोट्झार्टने त्या जादा स्वरांचा पुरेपूर उपयोग केला. पुढे रचना छापली गेली तेव्हा तसे वाद्य इतरांकडे नव्हते, म्हणून ते स्वर वर उचलून साध्या क्लॅरिनेटला जुळते करावे लागले. एका वादकाच्या असमाधानातून आलेली रचना जगाने अशी दीड शतकाहून अधिक काळ तडजोडीच्या रूपात ऐकली.

उलट उदाहरण क्लॅरिनेटवादक हाइनरिख बेअरमानचे; त्याचे हाती असलेल्या वाद्यावर भागले. वेबरने १८११ मध्ये त्याच्यासाठी दोन कॉन्चेर्टो आणि एक कॉन्चेर्टिनो लिहिला. हे सारे बेअरमानने दहा चाव्यांच्या वाद्यावर वाजवले. पुढच्याच वर्षी इवान म्युलरने तेरा चाव्यांचे क्लॅरिनेट पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीपुढे मांडले. कोणत्याही पट्टीत वाजवा, हे एकच वाद्य पुरेल, असा त्याचा दावा होता. परीक्षकांनी ते नाकारले. त्यांचे म्हणणे असे की, वेगवेगळ्या लांबीच्या क्लॅरिनेटांचा नाद वेगवेगळा असतो आणि एकच वाद्य आले की तो फरक बुडेल. निर्णय काळाच्या ओघात टिकला नाही, पण मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. वाद्यवृंदातले वादक आजही ‘बी फ्लॅट’ आणि ‘ए’ अशी दोन क्लॅरिनेटे बाळगतात.

नळीचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटवला तो यासिंथ क्लोझे हा वादक आणि लुई-ऑग्युस्त ब्युफे हा कारागीर या जोडीने. १८३९ मध्ये त्यांचे वाद्य पॅरिसच्या प्रदर्शनात आले, १८४४ मध्ये त्याचे पेटंट झाले. बासरीवर बोम याने केलेल्या सुधारणांवरून त्यातल्या चाव्यांच्या रचनेला बोम पद्धत म्हणतात. सतरा चाव्या आणि सहा कड्या ही तिची मांडणी आजही बहुतेक जगात चालते. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने मात्र ती स्वीकारली नाही. तिथे जुन्या मांडणीतूनच वेगळी शाखा वाढली आणि ऑस्कर ओलरच्या हातून तिला आजचे रूप आले.

या वेगळेपणाचे सर्वांत मोलाचे फळ माइनिंगेनमध्ये मिळाले. रिखार्ड म्युलफेल्ड तिथल्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून लागला आणि क्लॅरिनेट बव्हंशी स्वतःच शिकला. १८९१ मध्ये ब्राम्सने त्याला ऐकले. त्या आधी ब्राम्स लेखणी खाली ठेवण्याच्या विचारात होता. ऐकल्यावर त्याच वर्षी त्रिवाद्य आणि पंचवाद्य, १८९४ मध्ये दोन सोनाटे, अशा चार रचना त्याने केल्या. म्युलफेल्डच्या हातातली क्लॅरिनेटे म्युनिकच्या गेओर्ग ओटेनश्टाइनरने पिवळ्या बॉक्सवुड लाकडाची केलेली होती. पॅरिसमधले पेटंट तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षांचे झाले होते आणि तिकडच्या वादकाला ही वाद्ये मागासलेली वाटली असती. म्युलफेल्डने ती बदलली नाहीत. ती आज माइनिंगेनच्या संग्रहालयात आहेत.

माउथपीसच्या बाबतीत पहिला मोठा बदल वस्तूत नव्हे, तोंडात झाला. सुरुवातीच्या काळात अनेक वादक रीड वरच्या ओठाला लागेल अशी धरत. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीने १८३१ मध्ये रीड खाली धरण्याची पद्धत अंगीकारली. इटलीच्या काही भागांत जुनी पद्धत त्यानंतरही बराच काळ टिकली. रीड बांधायला आधी दोरा असे, मग धातूची पट्टी आली. जर्मन वादकांपैकी अनेक जण अजून दोराच गुंडाळतात आणि त्यांना त्यात काही उणे वाटत नाही. लाकडी माउथपीस श्वासाच्या ओलाव्याने फुगे आणि आकार सोडी. एबोनाइट हे कडक रबर आल्यावर ती तक्रार संपली आणि दुसरी सुरू झाली. आकार टिकू लागला म्हटल्यावर तो मोजता येऊ लागला, आणि मोजता आला की तुलना आलीच.

ही तुलना किती बारीक आहे ते व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीच्या दोन माउथपीसवरून दिसते. रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांच्यातली फट ५आरव्हीमध्ये १.०६५ मिलिमीटर, तर बी४५मध्ये १.१९५ मिलिमीटर असते. फरक माणसाच्या दोन केसांच्या जाडीएवढा. तरीही एकावरून दुसऱ्यावर गेलेल्या वादकाला रीडची ताकद बदलावी लागते आणि ओठांची पकड पुन्हा बसवावी लागते. अमेरिकेत शेडव्हिल आणि कॅस्पर या नावांच्या जुन्या माउथपीसना जी किंमत येते, तिच्यामागे असेच बारीक फरक आहेत; काही भाग दंतकथेचाही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

इंग्लंडमध्ये समाधान जणू साच्यातूनच आले. बूझी अँड हॉक्सचे ‘१०१०’ हे वाद्य फ्रेड्रिक थर्स्टन, जॅक ब्रायमर यांनी वाजवले. त्याच्या नळीचा पोकळ व्यास सुमारे १५.२ मिलिमीटर, म्हणजे फ्रेंच वाद्यांपेक्षा मोठा, आणि माउथपीसही आतून तसाच घडवलेला हवा. दुसरा कोणताही घातला की स्वर ढळत. त्यामुळे ‘१०१०’ घेतलेल्याला बाजारभर फिरण्याची सोयच नव्हती. १९५५ मध्ये ब्युफे क्रॅम्पोन या फ्रेंच कंपनीचे आर१३ हे क्लॅरिनेट आले. पाहता पाहता ते अमेरिकी वाद्यवृंदांचे प्रमाण वाद्य झाले आणि पुढे ‘१०१०’चे उत्पादन थांबले.

लाकडाबद्दलचा आग्रह तर निराळाच. बहुतेक क्लॅरिनेटे ग्रेनाडिला या आफ्रिकी लाकडाची असतात. आपल्याकडच्या शिसवीचे ते भावंड. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस याने १९६४ मध्ये प्रयोगाने दाखवले की, नळीच्या भिंतीचे द्रव्य स्थिर स्वराच्या नादावर जाणवेल असा परिणाम करत नाही. नळीच्या आतले माप आणि छिद्रांच्या कडा यांना महत्त्व आहे. वादकांनी हा निष्कर्ष ऐकला आणि लाकूडच घेतले. २०१७ च्या जानेवारीत या वृक्षकुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा परदेश दौऱ्यांत कागदपत्रांची कटकट वाढली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली.

रीडपाशी मात्र हा सगळा इतिहास अडखळतो. ती अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या गवतापासून होते, आणि दक्षिण फ्रान्समधल्या वार भागातले पीक त्यासाठी नावाजलेले. दोन वर्षे वाढलेला देठ हिवाळ्यात तोडतात आणि उन्हात सोनेरी होईपर्यंत वाळवतात. पूर्वी वादक स्वतःची रीड स्वतः कापत. पॅरिसच्या ऑपेरातले क्लॅरिनेटवादक यूजेन व्हॅन डोरेन यांनी १९०५ मध्ये रीड विकण्यासाठी करायला सुरुवात केली; आजचे व्हँडोरेन हे त्यांच्याच नावाचे. पुढे पेटीवर २½, ३, ३½ असे आकडे आले. आकडा जाडीचा नव्हे, ताठपणाचा असतो, आणि एका कंपनीचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही.

एका पेटीत दहा रीड असतात. वादक एक काढतो, जिभेवर ओली करतो, तिचे टोक माउथपीसच्या टोकाशी केसभर अंतर ठेवून जुळवतो, पट्टी आवळतो आणि एक लांब स्वर फुंकतो. स्वर घोगरा आला तर रीड जड. पातळ चिरका आला तर हलकी. एका बाजूनेच बोलत असेल तर दुसऱ्या बाजूला बारीक घोटकागद फिरवतो. दहांपैकी दोन-तीन मनासारख्या निघाल्या तर पेटी चांगली म्हणायची. त्याही काही आठवड्यांत मऊ पडतात. सनईला दोऱ्याने लोंबणाऱ्या जादा पत्त्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे दुखणे नवे वाटणार नाही.

१९९८ मध्ये कॅनडात लेजेर कंपनीने कृत्रिम रीड बनवायला घेतली. ती ओली करावी लागत नाही, हवामानाने वाकत नाही आणि महिनोन्महिने टिकते. व्यावसायिक वादकांपैकी अनेक जण ती वापरू लागले आहेत. तरी गवताच्या रीडच्या पेट्या खपायच्या थांबलेल्या नाहीत, आणि दहांतल्या कोणत्या लागतील हे त्या ओल्या करून फुंकल्याशिवाय आजही कळत नाही.