चित्रातला केसपेपर

निर्णा आणि आसपासच्या बीदर पट्ट्यात कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. दवाखान्यातील फलकावर म्हणूनच अक्षरांहून चित्र अधिक बोलते. संगणकाकडून असे चित्र काढून घेण्यास ‘कम्फी-यूआय’ ही जानेवारी २०२३ मध्ये आलेली विनामूल्य प्रणाली सोयीची आहे. तीत प्रत्येक क्रियेची एक चौकट असते व चौकटी तारांनी जोडलेल्या असतात.

चौकट लाल झाली तर बहुधा एखादी फाईल वा जोडणी गहाळ असते. चित्र निव्वळ काळे आले तर? ‘एसडीएक्सएल’ प्रारूपात पहिला संशय ‘व्हीएई’ या शेवटच्या टप्प्यावर घ्यावा. १६ बिटांच्या गणितात तिथले आकडे मर्यादेबाहेर जातात. ३२ बिट केल्यावर चित्र उमटते. अन्य दोषांत ‘सीड’ हा आकडा स्थिर ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. औषधे बदलताना आपण दुसरे काय करतो?

तयार झालेल्या पीएनजी फाईलमध्ये संपूर्ण मांडणी व आपण लिहिलेल्या सूचना दडलेल्या असतात. फाईल पडद्यावर ओढली की सारा केसपेपर उलगडतो. दोष शोधण्यास ही मोठीच सोय. परंतु सूचनेत रुग्णाचे नाव वा व्याधी लिहिलेली असल्यास मूळ फाईलबरोबर तीही परक्या हाती जाते. ही नोंद टाळावयाची तर प्रणाली सुरू करतानाच ‘डिसेबल-मेटाडेटा’ हा पर्याय द्यावा लागतो.