सिकलसेल, मलेरिया आणि आपलं रक्त

कन्हानच्या एका वस्तीत रविवारची वंदना आटोपल्यावर विहारातच आरोग्यावर बोलायला बसले होते. मलेरिया-डेंग्यूचं बोलून झालं, आणि मागे बसलेली एक आई उठली. तिचा नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलचा, एसएस पॅटर्न. आठ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली, तेव्हा घरच्यांनी आधी भगताकडे नेलं. दवाखाना नंतर. ती म्हणाली, "ताई, हे दुखनं आमच्याच लोकाईत काहून हाय? सासू म्हनते, तुह्या माहेरातून आलं."

तिथे थोडक्यात उत्तर दिलं. पण प्रश्न एकटीचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन हे साखळ्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या एका जातीच्या साखळीत १४६ मणी असतात. सिकलसेलमध्ये सहावा मणी बदललेला असतो. बाकी सगळे जिथल्या तिथे. पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिन ताठ होतं आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं फुटल्यासारखी दुखतात. साधी पेशी १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून लेकरू पांढरं पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. त्या पिवळेपणावर गळ्यात काविळीची माळ घालून काही होत नाही.

या मण्याची सूचना आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी येते. एकीकडूनच बदललेली आली तर लेकरू वाहक, म्हणजे एएस. ते आजारी नसतं. खेळतं, शिकतं, खदानीत ड्युटीही करतं. दोन्हीकडून आली तरच एसएस. म्हणजे ज्या घरात एसएस लेकरू आहे, तिथे आईकडूनही आलं आणि वडिलांकडूनही आलं. सासूबाईंनी आपल्या मुलाचा रिपोर्टही एकदा पाहावा.

आता "आमच्यातच का?" याकडे येऊ. याचं उत्तर शोधायला आफ्रिकेत जावं लागतं. १९४९ साली अँथनी अ‍ॅलिसन नावाचा तरुण केनियात लोकांचं रक्त तपासत फिरत होता. लहानपण तिथेच गेलेलं. त्याला दिसलं की समुद्रकाठच्या आणि मोठ्या तळ्याकाठच्या लोकांमध्ये सिकलसेलचे वाहक खूप, आणि थंड डोंगरावर जवळजवळ नाहीतच. डास जिथे, तिथे सिकलसेल. १९५४ साली त्याने हे पुराव्यासह छापलं : वाहक लेकरांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळतं. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून वाढतो. वाहकाच्या पेशीत तो शिरला की ती पेशी लवकर वाकते आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, तिला जंतूसकट गाळून टाकते. उरलेल्या पेशींतही त्याची वाढ नीट होत नाही. मेंदूत चढणारा, जीव घेणारा मलेरिया वाहकाला फार कमी वेळा होतो.

आता हजारो वर्षांमागची एखादी वस्ती डोळ्यांसमोर आणा. औषध नाही, मच्छरदाणी नाही, पावसाळा आला की तापाची साथ. साध्या रक्ताची कितीतरी लेकरं मलेरियाने जात. एसएस लेकरं सिकलसेलने जात. मधली एएस लेकरं जगली, वाढली, त्यांना पोरंबाळं झाली. असं पिढ्यान्पिढ्या चाललं. जंगल, नद्या, तळी आणि धानाची बांधी असलेला आपला वैनगंगा-कन्हानचा मुलूख मलेरियाचा जुना मुलूख आहे. गडचिरोलीत तो आजही मुक्काम ठोकून आहे.

म्हणजे हे कुणाच्या पापाचं फळ नाही, मागच्या जन्माचंही नाही. ही आपल्या पूर्वजांची मलेरियाविरुद्धची ढाल होती. मलेरिया आपल्याकडे पुष्कळ आटोक्यात आला, ढालीचं काम संपत आलं. तिची किंमत मात्र दोन वाहकांच्या घरात अजूनही मोजली जाते.

आणि ही एकट्या बौद्धांची गोष्टही नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. तेव्हापासून झालेल्या तपासण्यांत आपल्या समाजात प्रमाण जास्त आढळलं हे खरं, पण कुणबी, तेली, गोंड, तिकडे नंदुरबारचे भिल्ल-पावरा यांच्यातही सिकलसेल आहे. निलगिरीच्या आदिवासींत आहे. अरबस्तानातल्या लोकांत तर आपल्याच जातकुळीचा सिकलसेल सापडतो. डास चावताना जात विचारत नाही.

मग काही समाजांत जास्त का साचला? लग्नं आतल्या आत होत राहिली म्हणून. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ दाखवलं ते हेच, जातीच्या आत लग्न. त्यांचं म्हणणं समाजाबद्दल होतं, रक्ताबद्दल नव्हे. पण आतल्या आत सोयरिकी होत राहिल्या की दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल.

एक गैरसमज मात्र जिवावर बेततो. "सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही," असं मी वस्तीत ऐकलं आहे. संरक्षण वाहकाला, एएसला आहे, तेही अर्धवट; वाहकालाही साधा मलेरिया होऊ शकतो. एसएस लेकराची गोष्ट उलटी. त्याची पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते, रक्त आधीच कमी, त्यात मलेरिया झाला तर ते झपाट्याने खालावतं. म्हणून एसएस लेकरू मच्छरदाणीतच झोपवायचं. त्याला ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही; त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि मलेरियासाठी रक्त तपासायला सांगायचं. लेकरू अचानक पांढरंफटक पडलं आणि डाव्या बरगडीखाली फुगवटा लागला, तर पाणथरीत रक्त साचत असू शकतं. तेव्हा गाडी करून सरळ मेयो नाही तर मेडिकल.

आता औषधाचं. हायड्रॉक्सीयुरियाचं नाव निघालं की पालक म्हणतात, "ते कॅन्सरचं आहे ना?" हो, त्या आजारातही वापरतात. पण सिकलसेलमध्ये ते दुसरं काम करतं. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात जे लहानपणचं हिमोग्लोबिन असतं, ते वाकत नाही. म्हणून तर पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसतं. हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या मुलांना कमी डोस, वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, देऊन पाहिला. दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याच्या वेळा घटल्या. तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला.

आफ्रिकेत वेगळी भीती होती : या औषधाने मलेरिया वाढला तर? अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतल्या सहाशेवर मुलांना ते देऊन पाहिलं. २०१९ मध्ये निकाल आला. मलेरिया वाढला नाहीच, उलट औषधाआधीच्या तुलनेत निम्म्यावर आला. दुखणं घटलं, मृत्यूही घटले. औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं, मधूनमधून रक्ततपासणी करायची, आणि गरोदरपणात घ्यायचं नाही. पण भीतीने बंद करू नका. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, सगळ्या लसी, आणि पाच वर्षांपर्यंत डॉक्टर सांगतील तसं पेनिसिलिन. लोहाचं टॉनिक मात्र मनाने पाजू नका. प्रत्येक पांढऱ्या लेकराला लोह कमी असतंच असं नाही.

मलेरियाने मागे ठेवलेली आणखी एक खूण आहे, जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता. ती बहुतेक मुलग्यांत त्रास देते. एरवी कळतही नाही. पण मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून १४ दिवस प्रायमाक्विनची गोळी देतात, ती अशा मुलाचं रक्त फोडते. गोळी सुरू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

लग्नाचा विषय टाळता येत नाही. आपण पत्रिका पाहत नाही, चांगली गोष्ट आहे. पण रक्त न तपासता सोयरीक ठरवतो. एएस आणि एए यांच्या लग्नात एसएस लेकरू होत नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची. प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं गणित नसतं. अशा जोडप्याने लग्न करूच नये असं मी म्हणणार नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होते, निर्णय त्या दोघांचा. पण एएस आहे एवढ्यावरून मुलगी नाकारणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. मी पाहिलेल्या एका घरात मुलीची बैठक मोडली, आणि मुलाने स्वतः तपासणी केलीच नव्हती.

नागपूरचे संपत रामटेके यांना सिकलसेलच्या कामासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे. आपल्या वस्त्यांनी आपणहून तपासणी मागितली पाहिजे, घरी बसून कुणी येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही सिकलसेलचं नाव आहे, तेव्हा एसएस लेकराच्या दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा.

तपासणी आशाताईंमार्फत सरकारी दवाखान्यात होते. आधी बोट टोचून सोल्युबिलिटी टेस्ट करतात. ती पॉझिटिव्ह आली की पुष्कळ घरं तिथेच थांबतात. त्या टेस्टमधून एएस की एसएस हे कळत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसवते. म्हणून कागदावर नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलं असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून मागा. त्या रिपोर्टवर पॅटर्न लिहिलेला असतो. घरातल्या प्रत्येकाचा तो कागद लॅमिनेट करून शाळेच्या दाखल्यासोबत पेटीत ठेवा.