रोज थोडी थोडी जाणारी हवा

रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी झालेली असते. टायरमध्ये खिळा दिसत नाही, म्हणून आपण पंप मारतो आणि निघतो. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला किंवा शाळा गाठणाऱ्या मुलाला थांबायला वेळ कुठे असतो? पण मित्रहो, हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पुढच्या चाकात हवा कमी असेल तर वळणावर तोल जातो. म्हणून रोज पंप मारण्यापेक्षा हवा कुठून जाते ते एकदा शोधावं, असं मी सांगेन.

सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी. साध्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर बहुधा एक बारीक रबरी नळी चढवलेली असते. ती जुनी झाली की हवा झिरपते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर नळी बदला. बहुतेक वेळा काम तिथंच संपतं.

नाहीतर ट्यूब काढावी लागते. डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेचा टायर आणला आणि १८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी सहज काढता येणारा टायर केला, म्हणून हे घरी जमतं. टायरची कड सोडवायला स्क्रू-ड्रायव्हर नको, त्यानं ट्यूब फाटते. मी चमच्याचा गुळगुळीत दांडा वापरतो.

ट्यूब जरा जास्त फुगवून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवा. बारीक भोकातून बुडबुडे सावकाश येतात, तेव्हा घाई नको. दिसलेला बुडबुडा बोटानं पुसा. पुन्हा तिथंच आला तर भोक तेच. बॉलपेननं खूण करा.

ट्यूब कोरडी करून हवा सोडा. खुणेभोवती पॉलिश पेपर घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि थांबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच सुटतो. थर बोटाला चिकटेनासा झाला की पॅच मधून कडेकडे घट्ट दाबत न्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. भोक पाडणारा काटा अजून टायरमध्येच असू शकतो. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापूस अडकेल तिथं बाभळीचं टोक किंवा तारेचा तुकडा सापडतो. भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल, तर रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचं टोक वर आलंय का ते पाहा. हे कारण राहिलं, तर नवा पॅचही उद्या निरुपयोगी ठरेल.

व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर मात्र ती बदलावीच. आणि स्कूटर किंवा मोटारीच्या चाकावर हा प्रयोग करू नये. ते काम दुकानातच द्यावं.