ज्येष्ठतेची यादी

मुख्याध्यापकाची खुर्ची रिकामी झाली, की सेवापुस्तकांतील जुन्या तारखांना एकाएकी महत्त्व येते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांसाठी 1977 चा अधिनियम व 1981 ची नियमावली असून, तिच्या ‘फ’ अनुसूचीत माध्यमिक शिक्षकांचे अर्हतेनुसार प्रवर्ग पाडले आहेत. ज्येष्ठतेच्या तंट्याचे मूळ बहुधा तेथेच असते. पदवी व डी.एड. घेऊन आधी रुजू झालेला शिक्षक पुढे बी.एड. होतो, दरम्यान बी.एड. झालेला दुसरा येतो, आणि मग पहिल्याची एकूण सेवा दीर्घ असूनही पदवीधर बी.एड. शिक्षकांच्या ‘क’ प्रवर्गातील त्याची ज्येष्ठता साधारणतः बी.एड.च्या तारखेपासूनच धरली जाते. उमेदीची वर्षे त्याच फळ्यापुढे घालवलेल्या माणसाच्या हे जिव्हारी लागते, आणि त्याची व्यथा मला खरी वाटते. परंतु अर्हतेचा निकष सोडला, तर पूर्वीच पात्र झालेल्यावर अन्याय होतो.

खरा दोष पुष्कळदा दप्तराचा असतो. यादी सर्वांत फिरवून सह्या घ्याव्यात, हरकती विचारात घ्याव्यात, वाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात घाईने केलेली एक सही वर्षानुवर्षे शिक्षकाच्या आड येते. डावलून दुसऱ्यास बढती दिल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, पण मुदत अवघी 30 दिवसांची.