उन्हानं नाही, पाण्यानं

30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश तापमान नोंदवलं आणि शहरभर बोभाटा झाला. त्याच दिवशी जिल्ह्यातली दुसरी काही केंद्रं 44 च्या आसपास होती. हवामान खात्यानं तपासलं तेव्हा सेन्सरच बिघडलेला निघाला. पण ही खबर येईपर्यंत आमच्या गल्लीतल्या निम्म्या बंगल्यांनी लॉनवर नळ्या सोडल्या होत्या. "छप्पन अंश हौ! झाडं जगतीन का?" त्यातली बरीच झाडं पुढे गेली, पण माझ्या पाहण्यात ती उन्हानं गेली नाहीत, पाण्यानं गेली.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात जे दाखवते ते खरं नसतं. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आपल्याला वाटतं, जमीन कोरडीठाक आहे. या मातीत चिकण जास्त. त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आक्रसतं. वरचा बोटभर थर करपलेला असताना वीतभर खाली ओल असू शकते. खुरप्यानं उकरून पाहिल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हा साधा नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

दुपारी तीनला जास्वंदीनं मान टाकली म्हणजे तिला तहान लागली, हा समज सगळ्यात पक्का. त्या वेळी पानांतून पाणी इतक्या वेगानं उडत असतं की मुळं पुरी पडत नाहीत. ऊन उतरलं की झाड आपलं आपण उभं राहतं. सकाळी सहालाही पानं लोंबलेली असतील तर मात्र काहीतरी बिघडलंय. मुळाशी रोज पाणी साचलं की मातीतली हवा जाते, मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, झाड पुन्हा मान टाकतं आणि आपण आणखी एक बादली ओततो. जमिनीतल्या झाडाला चार-सहा दिवसांनी एकदा खोलवर पाणी द्यावं, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करावं. कुंडीचा हिशोब वेगळा. गच्चीवरची कुंडी चारी बाजूंनी तापते, तिला नवतप्यात दोन वेळा पाणी लागलं तरी ते चूक नाही.

भर उन्हात पाणी घातलं की पानावरचे थेंब भिंगासारखे तापतात आणि पान जळतं, असंही सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: गुळगुळीत पानांवर तसं होत नाही, थेंबाला पानापासून वर उचलून धरणारी लव ज्या पानांवर असते, तिथेच काय ती शक्यता. दुपारचं पाणी वाया जातं ते वाफ होऊन. आणि नागपुरात एक कारण जास्तीचं आहे: गच्चीवरची काळी टाकी. मे महिन्यात दुपारी दोनला तिच्या नळाखाली हात धरवत नाही. ते पाणी आपण मुळाशी सोडतो. दिवस उगवायच्या आधी उठणं जमत असेल तर तीच वेळ खरी.

कूलरच्या पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण काटकसरीच्या नावाखाली सगळ्यात जास्त कुंड्या त्यानंच बिघडतात. कूलर हवेत सोडतो ती फक्त वाफ. पाण्यातले क्षार टाकीतच राहतात. आपण रोज नवीन पाणी भरतो, म्हणजे रोज नवीन क्षार. वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर धरतो तो याचाच. आठवडाभरानं टाकी उपसून ते पाणी तुळशीला घातलं की तोच थर कुंडीच्या काठावर दिसतो, पानांची टोकं तपकिरी होतात आणि आपण म्हणतो, ऊन लागलं. आर.ओ.च्या नळीतून वाहून जाणारं पाणीही याच जातीचं. एसीचं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं झालेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. ते खुशाल घाला. कूलर दर आठवड्याला रिकामा करायचाच, डेंग्यूच्या डासासाठी तरी. ते पाणी अंगण धुवायला वापरा.

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून दोन घमेली रेती टाकणारे भेटतात. एवढ्याशा रेतीनं चिकणमाती मोकळी होत नाही, सुकल्यावर उलट विटेसारखी टणक होते. तिला कुजलेलं शेणखत आणि पाल्याचं खत हवं, वर्षानुवर्षं. कुजलेलं हा शब्द महत्त्वाचा. ताजं शेण मुळाशी घातलं तर ते तिथेच तापतं, आणि सोबत हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्या. पाला गोळा करून फाटकाबाहेर पेटवणं हा तर घनकचरा नियमांचा भंग आहे, आणि खताचं नुकसान.

लॉनबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. आंब्याच्या सावलीत मेक्सिकन गवताचा गालिचा अंथरायचा आणि तो विरळ झाला की माळ्याला बोलायचं, हे मी अनेक अंगणांत पाहिलंय. गवताला निदान पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत कोणतंही खत त्याची जागा घेत नाही. उघड्यावर लॉन लावायचंच असेल तर आपल्या हरळीइतकं चिवट दुसरं नाही. डिसेंबरात ते पिवळं पडलं म्हणजे मेलं नाही. ही उष्ण हवेची गवतं. थंडीत ती झोपतात. 2018 च्या डिसेंबरअखेर इथला पारा 3.5 अंशांवर आला होता, त्या आठवड्यात हिरव्या लॉनची अपेक्षा करणं म्हणजे अन्यायच. अशा वेळी युरिया फेकू नका, मे महिन्यात तर नाहीच. आणि उन्हाळ्यात तुळतुळीत कापू नका. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त छाटलं की खालची माती उघडी पडून तापते.

मृग लागला की रोपं लावायची, ही घाईही नडते. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं. नागपुरात पाऊस नेहमीप्रमाणे आला तरी जूनच्या मध्याला येतो, आणि पहिली सर बहुधा भेगांतच जिरते. माती वीतभर खोल भिजू द्या, मग लावा. खड्डे मात्र मे महिन्यातच खणून उन्हात तापत ठेवावेत. "एवढ्या उन्हात खणता काऊन?" असं विचारणाऱ्यांना हसू द्या.

आणि पावसाळ्यात बगीच्याला सुट्टी, असंही नाही. बुंध्याला चिकटून केलेलं आळं उन्हाळ्यात बरं दिसतं, पावसात तेच डबकं होतं. संत्रा-लिंबाच्या खोडातून डिंक गळायला लागतो, तो फायटोफ्थोरा बुरशीचा प्रताप. आळं फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून लांब काढायचं. खोडाला पावसाआधी आणि नंतर बोर्डो मलम लावायचं.

लिंबाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की कुणीतरी गंजके खिळे पुरायला सांगतं. आपल्या मातीत लोह कमी नाही. चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही, आणि खिळ्याचा गंज त्याच चुन्यात पडून राहतो. कोवळी पानं बारीक आणि अरुंद येत असतील तर जस्ताची कमतरता असू शकते. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना मिसळून नव्या पालवीवर फवारतात. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच गावात आहे आणि आपण सल्ला मोबाइलवर शोधतो!

जाता जाता एक: अंगणातलं झाड आपल्या मालकीचं, तेव्हा ते तोडायला कुणाला विचारायचं, असं नाही. 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातही.

आता संत्र्याचं. "झाड एवढं हिरवंगार, पण फूल नाही. पाणी वाढवू का?" हा प्रश्न दरवर्षी येतो. संत्र्याला फुलायला ताण लागतो. हिवाळ्यात थंडीचा आणि पाण्याचा ताण बसला की जानेवारी-फेब्रुवारीत अंबिया बहार येतो; उन्हाळ्यात पाणी तोडलं तर पावसासोबत मृग बहार. काटोल-वरुडचा शेतकरी हे ठरवून करतो. बंगल्यातलं संत्रं मात्र लॉनच्या फवाऱ्याखाली उभं असतं, बारा महिने भिजतं, पानं काढत राहतं. मी गेल्या डिसेंबरात त्या कोपऱ्यातला फवारा बंद केला. शेजारच्या काकू कुंपणावरून रोज बघायच्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "काऊन जी, झाडाला पाणी देत नाही का? वाळून चाललं ना ते." पानं थोडी वळली होती, हे खरं. फेब्रुवारीत वास कुंपणापलीकडे गेला तेव्हा त्यांनी आपल्याकडचीही नळी वळवून घेतली.