तांब्याच्या पट्ट्यांची चाळणी

गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसविलेल्या डीटीएच अँटेनाच्या तोंडाशी ‘एलएनबी’ नावाचा छोटा डबा असतो. त्यातील सर्किटवर केसांच्या आकड्यासारख्या वळविलेल्या तांब्याच्या पट्ट्या अनेकदा छापलेल्या दिसतात. वरकरणी नक्षी वाटणारी ही रचना म्हणजे ‘मायक्रोस्ट्रिप फिल्टर’. हव्या त्या लहरींना वाट देणे आणि नकोशा लहरींना अडविणे, हे तिचे काम.

या चाळणीची गरज का भासते? उपग्रहाकडून येणारा ११ गिगाहर्ट्‌झचा संदेश एलएनबीमध्ये ९.७५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीशी मिसळून १.२५ गिगाहर्ट्‌झवर उतरविला जातो. मात्र, ८.५ गिगाहर्ट्‌झची लहर आत शिरल्यास तीही नेमकी तेथेच उतरते. त्यानंतर दोघींना वेगळे करणे अशक्य असते. त्यामुळे तिला आधीच रोखावे लागते.

लांबीचे गणित

विद्युतरोधक पत्र्याच्या खाली तांब्याचा सलग थर आणि वर ठरावीक रुंदीची पट्टी, एवढीच मायक्रोस्ट्रिपची रचना. अमेरिकेतील ग्रिग व एंगलमन यांनी १९५२ मध्ये ती मांडली. इतक्या उच्च कंप्रतेला नेहमीची कॉइल व कपॅसिटर भरवशाचे राहत नाहीत. त्यांच्या जोडतारांचाही परिणाम जाणवू लागतो. म्हणून पट्टीची लांबी हाच सर्किटचा घटक मानला जातो. अर्ध्या तरंगलांबीएवढी पट्टी त्या कंप्रतेला अनुनाद देते. दोन पट्ट्यांमधील फट किती कंप्रतापट्टा आत येणार हे ठरविते. पट्ट्यांची संख्या वाढविली की चाळणी अधिक काटेकोर होते; परंतु हव्या संदेशाची शक्तीही अधिक खर्ची पडते. डिझायनरची कसोटी लागते ती येथेच.

स्वस्ताई महागात

सर्वसाधारण सर्किटसाठी वापरल्या जाणाऱ्या १.६ मिलिमीटर जाडीच्या ‘एफआर-४’ पत्र्यावर २.४५ गिगाहर्ट्‌झसाठी अर्ध्या तरंगलांबीची पट्टी सुमारे ३.४ सेंटिमीटर भरते. हा पत्रा स्वस्त असला, तरी त्याचा विद्युत गुणांक प्रत्येक वेळी सारखा नसतो. त्यात पाच टक्के फरक पडला, तरी फिल्टर सुमारे ६० मेगाहर्ट्‌झने सरकतो. वाय-फायचा संपूर्ण पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्‌झचा! त्यामुळे अचूक कामासाठी महागडे, कमी शक्तिक्षय करणारे पत्रे निवडावे लागतात.

मायक्रोस्ट्रिपलाही मर्यादा आहेतच. भारतात २३०० ते २४०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा ‘फोर-जी’साठी वापरला जातो आणि २४०० पासून लगेच वाय-फाय सुरू होते. एवढ्या सख्ख्या शेजाऱ्यांना वेगळे करण्यासाठी मोबाइलमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान ध्वनिलहरी-आधारित फिल्टर बसवितात.

कंप्रता वाढते तशी पट्टी आखूड होते. भारतात २०२२ मध्ये ‘फाइव्ह-जी’साठी लिलाव झालेल्या २६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात ती जेमतेम साडेतीन मिलिमीटरची होते. तेथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूकही सुमारे तीन टक्क्यांचा फरक पाडते. जागा वाचते, पण चुकीला वाव उरत नाही.