तुळिंजच्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ

विरारजवळच्या तुळिंजच्या उजळलेल्या आकाशात मृगातला तेजोमेघ छोट्या दुर्बिणीतून जेमतेम राखाडी डाग दिसतो. त्यावर उपाय म्हणजे लाइव्ह स्टॅकिंग: दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याचे 10-10 सेकंदांचे फोटो सॉफ्टवेअर, तारे जुळवून, एकावर एक रचतं. 100 फोटोंच्या सरासरीत चित्रातली खरखर (नॉइज) दहाव्या हिश्श्यावर येते आणि सतरा मिनिटांत स्क्रीनवर गुलाबी कडा उमटतात. ‘हे कॉम्प्युटरचं चित्र, निरीक्षण नव्हे’ हा आक्षेप मला पटत नाही. सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरून आलेला तोच प्रकाश सेन्सर साठवतो. डोळ्याला साठवता येत नाही, एवढंच. रस्त्यांवरच्या दिव्यांचा उजेड मात्र पुरता वजा होत नाही. अंधुक दीर्घिकांसाठी शहराबाहेरचं काळोखं आकाशच हवं. खगोल मंडळ आकाशदर्शनाला वांगणीला जातं ते उगाच नाही. पण रोज विरार लोकल धरणाऱ्याला दर अमावास्येला तिकडे जाणं कसं जमावं? त्याच्यासाठी जानेवारीतली निरभ्र रात्र आणि गच्चीवरचा एक तास पुरेसा आहे.